अर्धा गुंठा अंगण, बियाण्याची तीन पाकिटे आणि शेवटी हरळीच

घरासमोरच्या अर्ध्या गुंठ्यात, म्हणजे साधारण ५४५ चौरस फुटांत, मुलांना मनसोक्त खेळता येईल अशी हिरवळ करायची म्हणून गेल्या दीड वर्षात मी गवताच्या बियाण्याची तीन पाकिटे विकत घेतली. पहिले ऑनलाइन मागवले, दुसरे एका रोपवाटिकेतून आणले आणि तिसरे बी-बियाण्याच्या दुकानातून घेतले. तिन्हींवर गालिच्यासारख्या हिरवळीचे जवळजवळ सारखेच छायाचित्र होते आणि तिन्हींवर ‘टिकाऊ’ या अर्थाचा कोणता ना कोणता शब्द ठळक छापलेला होता. आत मात्र तीन अगदी वेगळ्या वस्तू निघाल्या. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण असे माल विकणारे अनेक आहेत, आणि नाव वाचण्यापेक्षा पाकिटाची मागची बाजू वाचता येणे जास्त उपयोगाचे आहे, हे मला पैसे घालवून कळले.

आमचे घर पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे आहे. अंगणात बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम दाबून बसलेला, पाणी उन्हाळ्यात टँकरचे, आणि आंब्याखालचा एक कोपरा सोडला तर ऊन सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. घरात नऊ आणि सहा वर्षांची दोन मुले, शेजारची चार, सुट्टीत येणारी आत्ये-मामेभावंडे आणि रोज टेनिसच्या चेंडूने क्रिकेट. वर्षातून एकदा हळदीकुंकवाला शंभरेक खुर्च्या त्याच अंगणात मांडल्या जातात. त्यामुळे नुसती पाहायला सुंदर दिसणारी हिरवळ आम्हाला नको होती. तुडवली, खरवडली गेली तरी पुन्हा उभी राहणारी हवी होती.

पहिल्या पाकिटाच्या बाबतीत माझी फसगत अर्धी विक्रेत्याने केली आणि अर्धी माझ्या बहिणीच्या सल्ल्याने. बहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. तिच्या परसातल्या हिरवळीवर तिची मुले बारा महिने फुटबॉल खेळतात आणि ती हिरवळ खरोखर देखणी आहे. ‘राय गवत असलेले मिश्रण घे, त्याला काही होत नाही,’ असे तिने सांगितले. येताना एक खोका घेऊन येण्याचीही तिची तयारी होती. पण परदेशातून बियाणे आणायचे तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, सामानात टाकून आणता येत नाही, म्हणून मी तिला नको म्हटले आणि इथेच ऑनलाइन तसे मिश्रण शोधले. ‘सर्व ऋतूंसाठी’ असे लिहिलेले पाकीट चार दिवसांत घरी आले. मागच्या बाजूला, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत, निम्मे पेरेनियल राय आणि निम्मे टॉल फेस्क्यू असा घटकांचा उल्लेख होता.

नशिबाने मी सगळ्या अंगणात न पेरता नळाजवळच्या चार फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्ट्यात ते आधी करून पाहिले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरले आणि सहाव्या दिवशी कोंब दिसले. मार्चच्या मध्यापर्यंत तो पट्टा असा काही झाला की रस्त्याने जाणारे लोक फाटकाशी थांबून चौकशी करू लागले. गर्द हिरवा रंग, पात्याची मागची बाजू मेणासारखी चकचकीत, हाताला मऊ. मुले त्यावर खेळली तरी पाती तुटत नव्हती. मी उरलेल्या अंगणासाठी आणखी पाकिटे मागवणार होतो, पण एवढ्यात एप्रिल लागला. पारा ३८ च्या पुढे गेल्यावर दिवसातून दोनदा पाणी देऊनही गवताची टोके पिवळी पडू लागली, मग बुंध्याशी कुजल्यासारखे झाले आणि मे महिन्याच्या मध्याला त्या पट्ट्यात कुंपणाच्या सावलीतले दहा-बारा झुपके सोडले तर पेंढाच उरला.

याचा दोष त्या गवताला देता येणार नाही. राय आणि फेस्क्यू ही थंड हवेची गवते आहेत. पंधरा ते चोवीस अंश तापमानात ती सर्वांत जोमाने वाढतात आणि त्यापुढे धापा टाकू लागतात. त्यांच्या मुलखात राय किती चिवट आहे याची साक्ष विम्बल्डनची कोर्टे देतात. तिथे २००१ पासून शंभर टक्के पेरेनियल रायच पेरले जाते, अवघ्या ८ मिलिमीटर उंचीवर कापले जाते आणि पंधरा दिवस बुटांखाली भरडले जाते. शिवाय राय हे झुपक्याने वाढणारे गवत आहे, त्याला जमिनीवर पसरणारी खोडे जवळजवळ नसतात. म्हणजे एका जागी ते मेले की तिथे खड्डा राहतो आणि तो बी पेरूनच बुजवावा लागतो. बहिणीकडे ते चालते, कारण तिथे पाच ते दहा दिवसांत उगवणारे हे बी दर शरद ऋतूत टकलावर टाकता येते आणि थंड, ओलसर हवा बाकीचे काम करते. आपल्याकडेही उत्तर भारतात आणि काही गोल्फच्या मैदानांवर हिवाळ्यापुरता हिरवेपणा टिकवण्यासाठी सुप्त झालेल्या उष्ण हवेच्या गवतावर राय पेरतात, आणि तिथे त्याचे काम चोख असते. दख्खनच्या पठारावर बारमाही हिरवळीसाठी हे पाकीट ‘सर्व ऋतूंसाठी’ म्हणून विकणे मात्र मला अप्रामाणिक वाटते, कारण आपल्या ऋतूंपैकी निदान एकात ते मरणार हे विकणाऱ्याला माहीत असायला हवे.

या पाकिटाने एक उपयोगाची गोष्ट शिकवली. राय आणि फेस्क्यूचे बी दिसायला जिऱ्यासारखे, लांबट आणि फिकट तपकिरी असते. आपल्या हवेला मानवणाऱ्या बर्म्युडा गवताचे बी त्यामानाने इतके बारीक असते की खसखशीची आठवण व्हावी. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, तळहातावर जिरे पडले तर ते बी थंड मुलखाचे आहे असे समजावे.

आता ज्याला पाकिटांवर बर्म्युडा म्हणतात, ते सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी, आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे तिचेच कोवळे शेंडे. हे नाते दुकानात कोणी सांगत नाही, कारण ते सांगितल्यावर गिऱ्हाईक पैसे देताना विचार करील. माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांचे अर्धे आयुष्य निफाडकडच्या शेतात हरळीच्या काशा, म्हणजे तिची जमिनीखाली पसरणारी खोडे, वेचण्यात गेले. कुळवणी झाली की माणसे लावून काशा गोळा करायच्या, बांधावर वाळवायच्या आणि जाळायच्या, कारण बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या पावसात ती पुन्हा हजर. तिसऱ्या पाकिटातले गवत अंगणात धरू लागले तेव्हा अण्णा आले होते. त्यांनी काठीने एक पाते उचलून पाहिले आणि विचारले, “ही तर हरळी आहे. किती दिलेस?” मी किंमत सांगितली. “बाराशे? अरे, मला सांगायचं होतंस. बांधावरून पोतंभर काशा आणून टाकल्या असत्या.”

अण्णांच्या ज्या तक्रारीमुळे हरळी शेतात नकोशी होते, तीच तक्रार खेळाच्या हिरवळीत तिचा सर्वांत मोठा गुण ठरते. हरळी जमिनीवरून धावणाऱ्या खोडांनी पसरते आणि जमिनीखालच्या काशांनीही पसरते. वरचे पान चिरडले गेले, खोड तुटले, तरी खालच्या काशीचा डोळा फुटून नवे पाते वर येते, आणि शेजारची खोडे रिकाम्या जागेकडे सरकतात. म्हणजे ती तुडवणे सोसते ते पानाच्या कणखरपणापेक्षा स्वतःला सांधण्याच्या ताकदीवर. शिवाय ती सत्तावीस ते पस्तीस अंशांत सर्वांत जोरात वाढते. ज्या मे महिन्यात रायने मान टाकली, त्याच महिन्यात, पाणी असेल तर, हरळीला ऊत येतो. आपल्याकडच्या क्रिकेटच्या मैदानांवर हेच गवत सर्रास आढळते, ते याच कारणामुळे.

मग अण्णांचे ऐकून बांधावरच्या काशाच का लावू नयेत, हा प्रश्न रास्त आहे, आणि मोठे आवार असलेल्या आणि हात राबवायची तयारी असलेल्या माणसाला मी तेच सांगेन. काशांचे आणि खोडांचे तुकडे वितभर अंतरावर टोचून लावले तर पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत जागा भरते. पण रानातली हरळी बहुधा भरड असते, तिच्या दोन पेरांतले अंतर जास्त असते, त्यामुळे कापल्यावर गवताऐवजी काड्याच दिसतात. आणि दुसरे म्हणजे बांधावरच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात. एकदा लव्हाळा अंगणात शिरला की तो काढता काढता खुरपे झिजते.

दुसरे पाकीट रोपवाटिकेतले. त्यावर बर्म्युडा असे स्पष्ट लिहिलेले होते आणि आतले बीही खसखशीसारखेच होते, म्हणजे जात बरोबर होती. वजन ५० ग्रॅम, आणि ‘५०० चौरस फुटांसाठी पुरेसे’ अशी हमी. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साल काढलेल्या बर्म्युडा बियाण्याच्या एका किलोत साधारण चाळीस लाखांच्या वर दाणे असतात, आणि नव्या हिरवळीसाठी चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम बी पेरतात. पाच ग्रॅम धरले तरी चौरस मीटरला वीस हजार दाणे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन. या पाकिटाच्या हिशेबाने चौरस मीटरला जेमतेम एक ग्रॅम पडणार होते. हरळी पसरणारी असल्यामुळे इतक्या विरळ पेरणीतूनही शेवटी हिरवळ होते, हे खरे. पण तोवरच्या महिन्यांत मोकळ्या जागा गाजरगवत, दुधी आणि घोळ ही तणे भरून काढतात आणि मग माणूस बियाण्याला नाही, नशिबाला दोष देतो.

दुसरी अडचण उगवणीची. सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी, असे कृषी खाते दर मे महिन्यात सांगते आणि आमच्या गावात ते सगळे करतात. तोच प्रयोग मी गवताच्या बियाण्यावर केला. गोणपाटाच्या जाड धाग्यांत खसखशीएवढे दाणे हरवून जातात, म्हणून जुन्या पांढऱ्या सुती धोतराचा तुकडा घेतला, स्टीलच्या ताटलीत पसरला, ओल्या काडीच्या टोकाने शंभर दाणे दहा-दहाच्या रांगांत मांडले, वरून पारदर्शक पिशवी ओढली आणि ताटली खिडकीत ठेवली. धाकटी रोज सकाळी दात घासायच्या आधी भिंग घेऊन मोजायला बसत असे. चौदा दिवसांत एकतीस दाणे उगवले. पाकिटावर पॅकिंगचा महिना होता, उगवण चाचणीची तारीख नव्हती. आणि पॅकिंग ताजे म्हणजे बी ताजे, असा अर्थ होत नाही. एक ग्रॅमची पेरणी आणि एकतीस टक्के उगवण यांचा गुणाकार केला तर चौरस फुटाला सव्वाशेच्या आसपास रोपे येतात, आणि त्यातली सगळी जगत नाहीत. मी पाकीट घेऊन रोपवाटिकेत गेलो तेव्हा, “साहेब, गवताच्या बियाण्याला कोण टक्के विचारतं?” असे उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत.

तिसरे पाकीट म्हणजे किलोची पिशवी, बाराशे रुपयांची. ही मी शिक्रापूरच्या रस्त्यावरच्या एका कृषी सेवा केंद्रात, टोमॅटो आणि कोबीच्या बियाण्यांच्या कपाटात खालच्या फळीवर पाहिली. छायाचित्र सोडले तर पिशवी दिसायला अगदी सामान्य, पण मागच्या बाजूला शेतकरी ज्या गोष्टी शोधतो त्या सगळ्या होत्या: जात, लॉट क्रमांक, उगवणक्षमता ८० टक्के, भौतिक शुद्धता, चाचणीची तारीख, मुदतीची तारीख. बी साल काढलेले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. सालीसकट बी स्वस्त मिळते, पण उगवायला तीन आठवडे किंवा जास्त घेते. साल काढलेले एक ते दोन आठवड्यांत येते, आणि नुकत्याच पेरलेल्या जमिनीला दिवसातून तीनदा झारीने पाणी घालणाऱ्या माणसाला हा फरक हातापायांत जाणवतो.

या पिशवीतले बी हिरवट-निळ्या आवरणात होते, आणि बारीक अक्षरांत आवरणाचे वजन ५० टक्के असल्याचे लिहिले होते. म्हणजे किलोच्या पिशवीत खरे बी अर्धा किलो. आवरणाने ओल धरून राहते, दाणे हातात येतात आणि पेरताना दिसतात, हे फायदे खरे आहेत. मात्र दर ठरवताना आणि पेरणीचे प्रमाण काढताना निम्मे वजन वजा करायलाच हवे, जे पाकिटावर कुठेही सांगितलेले नव्हते. घरच्या ताटलीत शंभरांपैकी ब्याऐंशी दाणे बाराव्या दिवसापर्यंत उगवले. छापलेला आकडा आणि ताटलीतला आकडा जुळला, आणि तिथेच मी या पिशवीच्या बाजूने निकाल दिला.

जमिनीच्या तयारीबद्दल थोडक्यात. मुरूम कुदळीने सहा इंच उकरला, मोठे दगड काढले, त्यावर दोन इंच लाल मातीचा थर दिला. अर्ध्या गुंठ्याला दोन इंच म्हणजे नव्वद घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना हा हिशेब तयार असावा. चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळले. मग लगेच न पेरता दोन आठवडे नुसते पाणी घातले. जे तण उगवायचे होते ते उगवले आणि खुरपून काढले. लव्हाळा त्यातही निघाला. तो गाठीसकट हाताने उपटला. आंब्याखालचा कोपरा पेरणीतून वगळला, कारण हरळीला रोज सहा तासांच्या खाली ऊन चालत नाही. तिथे ती लांबट, फिकट होते आणि वर्षभरात माती दिसू लागते, हे शेजाऱ्यांच्या अंगणात पाहिले होते. उरलेली जागा चाळीस चौरस मीटर भरली. बी चौपट कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे आणि निम्मे आडवे फोकले, दंताळ्याची उलटी बाजू अलगद फिरवली आणि वर खताचा इतका पातळ थर दिला की बी दिसेनासे व्हावे, पुरले जाऊ नये. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बी बहुधा वर येत नाही.

पेरणीची वेळ मात्र मी चुकलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल, चांगला आहे असे पाहून पेरले. चौथ्या दिवशी दुपारी वळवासारखा धो-धो पाऊस आला आणि अर्धा तास पडला. अंगणाला फाटकाच्या बाजूला किंचित उतार आहे, तो मला तोपर्यंत कधी जाणवला नव्हता. आठव्या दिवशी कोंब आले तेव्हा वरच्या बाजूला ते शोधावे लागत होते आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात हिरवी लुगदी साचली होती, जणू कोणी तिथे ओंजळभर बी ओतले होते. वरच्या भागात दीडशे ग्रॅम बी पुन्हा टाकावे लागले. या वेळी वर जुने गोणपाट उघडून अंथरले आणि कोंब दिसताच काढले. दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर मी मार्चमध्ये पेरीन आणि पाऊस यायच्या आत जमीन धरून घेईन. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्यांनी जूनमध्येच पेरावे, पण गोणपाट तयार ठेवून.

मुंग्यांचा उपद्रव कोणत्याही पाकिटावर लिहिलेला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीच्या कडेने एक बारीक निळसर रेघ हलताना दिसली. वाकून पाहिले तर प्रत्येक मुंगीच्या तोंडात आवरणासकट एकेक दाणा. ती रांग पायरीखालच्या फटीत जात होती. आईने हळदीची रेघ ओढली, त्यांनी वळसा घातला. शेवटी फटीत सिमेंट भरले. ऑगस्टमध्ये त्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी पेरले नव्हते, तिथे हरळीचा एक घट्ट झुपका उगवला.

यथावकाश पहिली कापणी पाचव्या आठवड्यात, पाती दोन इंचांवर गेल्यावर केली, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापता. त्यानंतर पाऊस असेपर्यंत दर पाच-सहा दिवसांनी कापावे लागले. हरळी कौटुंबिक वापरात तीन-साडेतीन सेंटिमीटर ठेवावी. कंटाळा करून ती वाढू दिली आणि मग एकदम खाली कापली तर वरची हिरवी पाने जातात आणि तपकिरी काड्या उघड्या पडतात. पेरणीनंतर सहा आठवड्यांनी थोडा युरिया दिला. एक किलो युरियात ४६० ग्रॅम नत्र असते आणि तेवढे गुंठाभर हिरवळीला एका वेळी भरपूर होते. अर्ध्या गुंठ्यातल्या नव्या गवताला मी पाव किलोच दिला, संध्याकाळी, आणि लगेच पाण्याने धुतला. दसऱ्यापर्यंत माती दिसेनाशी झाली.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत झाली. सात-आठ मुलांनी दहा दिवस रोज तीन तास क्रिकेट खेळले. मैदानभर काही फरक पडला नाही, पण फलंदाज उभा राहतो तिथे ताटाएवढे आणि गोलंदाज पाय टाकतो तिथे त्याहून मोठे टक्कल पडले. शेणखत टाकून, पाणी घालून, यष्ट्या दोन महिने दुसऱ्या बाजूला लावल्या. थंडीत वाढ मंद असते म्हणून वेळ लागला. डिसेंबर-जानेवारीत संपूर्ण हिरवळच पिवळट, काही ठिकाणी जांभळट झाली होती आणि मी काळजीत पडलो होतो. फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर चारही बाजूंनी खोडे आत सरकली आणि मार्च संपेपर्यंत टक्कल कुठे होते ते दाखवता येईना. त्यासाठी एक दाणाही पेरावा लागला नाही. हळदीकुंकवाच्या खुर्च्यांच्या पायांचे खड्डे पडले होते, तेही तसेच भरले.

तक्रारीही आहेत. बियाण्यापासून झालेली हरळी एकसारखी नसते. नीट पाहिले तर कुठे पाते रुंद, कुठे बारीक, कुठे रंग गडद. पाणी कमी पडले की ती तुरे काढते, कोंबडीच्या पायासारखे तीन ते पाच बोटांचे, आणि त्याने अंगण अस्ताव्यस्त दिसते. तिच्या परागकणांची काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे घरात दम्याचे मूल असेल तर तुरे येऊ न देणे, म्हणजे कापणी न चुकवणे, आवश्यक आहे. ती मर्यादा ओळखत नाही: एका पावसाळ्यात गुलाबाच्या वाफ्यात शिरली, फरशीच्या सांध्यांत शिरली, आणि आता कडेने वीतभर खोल विटांची ओळ पुरावी लागली आहे. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले तर चाळीस चौरस मीटरला हजार लिटर लागतात, म्हणजे गच्चीवरची काळी टाकी भरून. आम्ही गेल्या मे महिन्यात निम्मेच दिले. ती तपकिरी झाली, मेली नाही. पहिल्या पावसानंतर आठवड्यात परत आली.

ज्यांना इतके थांबायचे नाही त्यांच्यासाठी सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत सिलेक्शन वन नावाने मिळणारे तयार गालिचे आहेत. तेही हरळीच्याच कुळातले, पण बारीक पात्याचे आणि एकसारखे. दिसण्यात ते माझ्या हिरवळीपेक्षा निश्चितच सरस आहे. खर्च बियाण्याच्या कित्येक पट आहे आणि गालिच्याच्या मातीतून लव्हाळा येण्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. टिफवे किंवा टिफड्वार्फ या नावाचे बी कोणी विकत असेल तर मात्र सरळ परत फिरावे, कारण ही संकरित गवते वांझ आहेत, त्यांना बी धरतच नाही, ती खोडांपासूनच लावतात. कोरियन आणि मेक्सिकन या नावांनी मिळणारी झॉयसिया कुळातली गवते गादीसारखी सुंदर होतात, पण इतक्या सावकाश वाढतात की फलंदाजाच्या पायाखालचे टक्कल भरायला त्यांना वर्ष कमी पडेल. ज्या घरात मुले मोठी होऊन बाहेर पडली आहेत, त्यांनी ती जरूर लावावीत. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या पाण्याची विहीर असेल तर पास्पालम या गवताचा विचार करावा, ते क्षार सोसते. आंब्याखाली मी रुंद पात्याचे, सावलीत तगणारे गवत लावले आहे. त्यावर खेळलेले त्याला आवडत नाही, म्हणून तिथे बाक ठेवला.

पिशवीतले उरलेले साडेतीनशे ग्रॅम बी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चाचणीची तारीख चिठ्ठीवर लिहून, कोरड्या कपाटात ठेवले आहे. पुढच्या मार्चमध्ये वरच्या उतारावरच्या नांग्या, म्हणजे रोपे न आलेल्या जागा, भरायच्या आहेत. त्याआधी धोतराच्या तुकड्यावर पुन्हा शंभर दाणे मांडून पाहीन. अण्णा भाद्रपदात आले तेव्हा त्यांनी गणपतीसाठी अंगणातूनच एकवीस दूर्वांची जुडी खुडली, तीन-तीन पात्यांचे शेंडे निवडून. युरिया कधी टाकला होता, हे त्यांनी आधी विचारून घेतले.